मसाफीची बंदूक आणि अब्बांची आमसुलं

माझे सासरे हसन, म्हणजे आमचे अब्बा, व्हिजिट व्हिसावर रत्नागिरीहून शारजाला आले आणि बॅग उघडायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी मसाफी."

मसाफीच्या डोंगरात त्यांनी एका अरबाबाकडे, म्हणजे मालकाकडे, वीस वर्षं ड्रायव्हरकी केली. अरबाब आता नाहीत. त्यांचा मुलगा सालेम वडिलांच्या जुन्या बंदुका गावच्या संग्रहालयाला देणार होता, आणि त्यातली एक अब्बांनी स्वतः मस्कतच्या बाजारातून आणली होती. "अस्सल विलायती!" ही कथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. तपासणीत ती खरी ठरली, तर पाटीवर आणणाऱ्याचंही नाव येणार होतं. अब्बांनी कोणी न मागता पाटीसाठी स्वतःचा फोटोसुद्धा काढून आणला होता.

शनिवारी सकाळी सातच्या आत शारजातलं आमचं अल नहदा सोडलंत, तर अल धैदमार्गे सव्वा तासात पोचता. वाटेत करक चहा घ्याच, दोन दिरहम.

"म्हणजे पन्नास रुपये? एका कपाला?" अब्बा ओरडले आणि त्यांनी दुसरा कप मागवला.

"दादा, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग," माझी दहा वर्षांची लेक झारा आजोबांना म्हणाली.

मसाफीचं फ्रायडे मार्केट शनिवारीही उघडं असतं. गालिच्याचा भाव निम्म्यापासून सुरू करा आणि आंबा आधी चाखून बघा.

सालेमने मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसवलं, बंदूक समोर ठेवली आणि तो कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणायला आत गेला. तेवढ्यात अब्बांनी खिशातून आमसुलांची पुडी काढली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली आणि बंदूक घासायला घेतली.

"अब्बा, काय करताय?"

"चार लोकांत जायची वस्तू अशी काळीकुट्ट?" आमच्याकडे लग्नाआधी हंडे-कळशा आमसुलाने लख्ख करतात. बंदुकीलाही त्यांनी तोच न्याय लावला.

सालेमने परत येऊन कपाळावर हात मारला. "चाचा! पुरानी बंदूक कभी घिसते नहीं!"

मग त्याने भिंग लावून आम्हाला खुणा दाखवल्या. बाजूला मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाच्या नावाची अक्षरं, त्याखाली साल. अस्सल शिक्का खोल आणि सरळ बसतो. नकलेत कारागीर हाताने कोरतो, म्हणून ओळ वाकडी जाते. इथे सगळंच वाकडं होतं. साल मात्र इतकी वर्षं काजळीखाली दडलं होतं, ते आता झळकत होतं. झाराने फोनवर शोधलं.

"बट दादा, क्वीन व्हिक्टोरिया वॉज ऑलरेडी डेड!"

राणीने मेल्यावर शिक्का मारला होता. मला हसू आवरेना, आणि अब्बांचा चेहरा पाहून लाजही वाटली. खोटेपणाचा पुरावा त्यांनी स्वतःच घासून काढला होता.

"सालेम, कसम से, मुझे नहीं पता था," अब्बा पुटपुटले.

"बाबा को पहले दिन से पता था, चाचा," सालेम कावा ओतत म्हणाला. "बोलते थे, हसन इतने प्यार से लाया है, कोई उसको बताना नहीं."

परतीच्या वाटेवर अब्बांनी एकाही गोष्टीचे रुपये केले नाहीत. मला त्यांची काळजी वाटू लागली. इतक्या वर्षांची ऐट एका सकाळीत गेली होती.

घरी येताच त्यांनी रत्नागिरीला धाकट्या भावाला फोन लावला. मला वाटलं, आता गोष्ट फिरवून सांगतील.

"बंदूक खोटी निघाली रे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी बाजारात एकदाच फसलो. पण अरबाबांनी मरेपर्यंत मला ते कळू दिलं नाही. आता सगळ्यांना हेच सांग."