वन्संचा हिसका

माझ्या नणंदेचा जगात कोणावरही विश्वास नाही. दूध आलं की आधी वास घेणार, मग बोटावर थेंब घेऊन बघणार, आणि तरीही चहा करताना दूधवाल्याच्या नावाने पुटपुटणार. शटरला कुलूप लावलं की ओढून बघणार, चार पावलं जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढणार. मी त्यांना वन्सं म्हणते. गॅरेजवर येणारे सगळे तोंडावर 'ताई' म्हणतात आणि पाठीमागे 'इन्स्पेक्टर'.

गॅरेज सासऱ्यांचं. ते गेल्यावर वन्संनीच चालवलं, लग्नबिग्न न करता. खाली गॅरेज, वर दोन खोल्या त्यांच्या आणि मागची एक आमची. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. हाताला वळण आहे, पण डोकं पहिल्यापासून विसराळू. विशीत असताना त्याने एका गाडीचं ऑइल बदललं आणि खालचा बोल्ट आवळायचाच राहिला. रस्त्यात सगळं ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं, सासऱ्यांचं जुनं गिऱ्हाईक तुटलं. बोलणी खाऊन हा घर सोडून गेला. बाहेर टक्केटोणपे खाऊन गेल्या वर्षी मला घेऊन परत आला, तेव्हा वन्संनी दारातच सांगितलं, "राहा, काम कर. पण ऑइल गळल्याची एक तक्रार आली, की रस्ता तुला माहीत आहे."

मी त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात मशीन टाकून गाड्यांची सीट कव्हरं शिवते. मान खाली असली तरी माझं लक्ष चौफेर असतं. नवऱ्याने कुठलाही बोल्ट आवळला, की तो जेवायला जाईपर्यंत वन्सं कळ काढायच्या. मग त्याच बोल्टला पाना लावून आपला एक हिसका द्यायच्या. प्रत्येक गाडीला, न चुकता. बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणायचा, "असू दे गं. तिला बरं वाटतं."

अशात एका दाताच्या डॉक्टरांनी हौसेने वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, आणि पोट जमिनीला टेकलेलं. आत बसायचं म्हणजे माणसाला स्वतःची घडी घालून घ्यावी लागते. पहिलं सर्व्हिसिंग आमच्याकडे झालं, ते नवऱ्याने केलं. त्या संध्याकाळी मी मशीनचा दोरा बदलत होते. गाडी लिफ्टवर वर उचललेली होती आणि वन्सं तिच्याखाली पाना घेऊन उभ्या होत्या. एरवी हिसका देऊन लगेच बाजूला होतात, पण त्या दिवशी कितीतरी वेळ तशाच. मग इकडेतिकडे बघितलं, पाना जागेवर ठेवला आणि निघून गेल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठवडा उलटला आणि डॉक्टर आले ते फणफणतच. मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या फरशीवर मागच्या चाकांजवळ काळे डाग.

"सर्व्हिसिंगच्या आधी एक थेंब नव्हता," डॉक्टर म्हणाले. "ऑइल तरी अस्सल घातलं होतं ना?"

वन्संच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांनी डॉक्टरांना सोडून भावाकडे वळून बघितलं. वरची खोली, माझं मशीन, कसंबसं बसलेलं बस्तान, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"डाग मागे आहेत, इंजिन पुढे," नवरा घाईने म्हणाला. "गिअरबॉक्सचं सील गेलं असेल. ज्याने गाडी विकली त्याने लपवलं असणार."

"दुसऱ्यावर ढकलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "वर घे गाडी."

गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचं मोठं आवरण होतं. ते उतरवलं तर त्यात ऑइलचं थारोळं. गळत होतं पुढेच, पण थेंब आवरणात साचत होते, मागे वाहत जात होते आणि भरल्यावर तिकडून टपकत होते. म्हणून डाग भलतीकडे आणि इतक्या उशिरा. आता नेमकं गळतं कुठून, ते मात्र कळेना. वाऱ्याने सगळा तळ तेलकट करून ठेवला होता. नवऱ्याने तो धुतला, हवा मारून कोरडा केला आणि माझ्याकडे आला.

"तुझी घामोळ्यांची पावडर दे."

कोरड्या तळावर पावडर फासली, इंजिन चालू करून ठेवलं आणि आम्ही चौघं माना वर करून बघत राहिलो. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उमटली. तिचं टोक चेंबरपाशी होतं. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची कढई. जुनं ऑइल सोडायला तिला खाली एक बोल्ट असतो. रेघ त्याच बोल्टापासून निघाली होती.

इंजिन बंद करून वन्संनी पाना लावला. तो फिरला. थोडाच, पण फिरला.

"इतक्या वर्षांनी पुन्हा तोच बोल्ट," वन्सं म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

माझा तोल गेला. "थांबा वन्सं! त्या संध्याकाळी पाना घेऊन तुम्हीच या गाडीखाली उभ्या होतात. मी पाहिलंय. आम्हाला घालवायचंच होतं तर सरळ सांगायचं, बोल्ट कशाला सैल करायचा?"

डॉक्टर उगाच मोबाइल चाळू लागले.

"उभी होते," वन्सं म्हणाल्या. "पानाही लावला होता. मग म्हटलं, पुरे झालं. वर्ष झालं, याच्या कामात एक खोट सापडली नाही. किती दिवस मागे मागे फिरायचं? म्हणून हिसका न देता काढून घेतला. जन्मात एकदा विश्वास टाकला, तर हे."

नवरा बाजूच्या टायरवर मटकन बसला.

"ताई, तो बोल्ट मीच कमी आवळला होता."

"विसरलास."

"विसरलो नाही. मुद्दाम. सगळेच तसे ठेवतो. आधी पूर्ण आवळायचो, आणि त्यावर तुझा हिसका. जास्त आवळून एका गाडीच्या चेंबरचे आटे झिजता झिजता राहिले. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, याला तपासलेलं झोंबतं. म्हणून तेव्हापासून तुझ्या हिसक्यापुरती जागा सोडतो." त्याने मान वर केली. "तू कधी चुकवशील, असं मनातसुद्धा आलं नाही."

वन्सं त्याच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तू माझ्या भरवशावर होतास?"

"रोज."

मला तर तोंडात मारल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी घसा खाकरला. "मग मी तक्रार कोणाची करायची?"

"दोघांची करा," वन्सं म्हणाल्या. "तक्रार आली की घालवणार म्हटलं होतं मी. पण दोघंही गेलो तर शटर कोण उघडणार?" मग भावाला म्हणाल्या, "ऊठ. बोल्टाखाली नवा वायसर टाक आणि पूर्ण आवळ."

त्याने वायसर बदलला, बोल्ट नीट आवळला आणि सवयीने पाना त्यांच्यापुढे धरला. वन्संनी दोन्ही हात कामाच्या कोटाच्या खिशात घातले.

"मला दुसरी कामं नाहीत का?" म्हणाल्या. खिशातल्या मुठी कापडातून दिसत होत्या.

गाडी पुन्हा चालू करून ठेवली. पावडर पांढरी ती पांढरीच राहिली. डॉक्टर घडी घालून आत बसले आणि गेले. मला वन्संची माफी मागायची होती. निघालं ते एवढंच, "वन्सं, चहा टाकू?"

"टाक," त्या म्हणाल्या. मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "दूध तूच बघ. मी नाही बघत."

मी वर जाऊन दुधाचा वास घेतला. बोटावर थेंब घेऊन बघितला. मग पुन्हा एकदा वास घेतला, आणि मगच आधण ठेवलं.