शेखरचा मागचा ब्रेक

कुरुळीतल्या बहुतेकांनी जमिनीचे पैसे आल्यावर चारचाकी घेतल्या. शेखरनं घेतली एक जुनी डर्ट बाइक, उंच, बारीक, आणि अनेक हात बदलत आलेली. त्याची आई अंबुबाई दारातून बघत म्हणाली, "आरं, ह्याच्यावर बसायचं का चढायचं?" दर रविवारी तो टोळकं घेऊन डोंगरामागच्या कच्च्या वाटांवर जायचा आणि उतारावर सगळ्यांच्या पुढं असायचा. पोरं त्याला मानायची, आणि हे मानणं त्याला जेवणापेक्षा जास्त लागायचं.

मागं एकदा तो मुरमाच्या उतारावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पट्टा निघाल्याबरोबर गडी पुन्हा गाडीवर. "भ्यायचं कशाला राव," असं त्यानं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं आणि सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. कौतुकाला आपल्याकडं काय कमी.

त्यानंतर गाडीचा मागचा ब्रेक झिजायला लागला. गाडीचं काम टपरीशेजारच्या धम्मरत्नकडं असायचं. धम्मरत्न आधी कंपनीत कंत्राटी फिटर होता. काम सुटल्यावर त्यानं पत्र्याची शेड घालून गॅरेज काढलं. ब्रेकच्या कामाला त्याचा हात चांगला, म्हणून चाकणहूनही गाड्या यायच्या. त्यानं शेखरच्या गाडीला नवे पॅड घातले, ते लवकरच संपले. मागच्या चाकाच्या डिस्कवर हे पॅड दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्या घासल्या होत्या. जुन्या गाडीत हे व्हायचंच. त्यानं पिना बदलल्या, सील बदललं. पुन्हा तेच. डिस्क तापून निळी पडली. शेवटी त्यानं अख्खा कॅलिपर बदलला.

आणि त्याच रविवारी उतारावर शेखरच्या पायाखालचा ब्रेक एकदम मऊ पडून खाली गेला. लागलं काही नाही, पण सगळ्यांदेखत तो काटेरी झुडपात घुसला. पोरं पोट धरून हसली. तसाच ओरखडलेल्या तोंडानं तो फाट्यावर आला.

"डुप्लिकेट माल घालतोस व्हय?" भरल्या टपरीसमोर तो धम्मरत्नवर ओरडला. मग लोकांकडं वळला. "ह्याच्या हातात ब्रेक देणं म्हंजे जीव देणं हाय. कुणी देऊ नका."

धम्मरत्न हात पुसत म्हणाला, "शेखरभाऊ, माल चांगलाच आहे. पण माझं कुठंतरी चुकत असेल. ठेवा गाडी, उघडून बघतो."

शेखरनं गाडी ठेवली नाही. जुन्या घरातला माणूस बोलला की आमच्या गावात पुरावा कोणी मागत नाही, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला कितीही पुरावे दिले तरी पुरत नाहीत. ब्रेकच्या कामाला गाड्या यायच्या बंद झाल्या.

दुसऱ्या गॅरेजात नवे पॅड बसवून शेखर फिरू लागला. पुढं रहाटणीला एक लग्न होतं. येताना तो बाइकवर पुढं आणि बायको तनुजा तिच्या स्कूटरवर मागं. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचा मागचा लाल दिवा रस्ताभर पेटलेला होता. बिघडलाय का?"

"त्या धम्मरत्नचंच काम असंल," शेखर म्हणाला.

सकाळी त्यानं तपासलं. ब्रेक दाबला की दिवा लागत होता, सोडला की विझत होता. बिघाड काही नव्हता. मग तो मोकळ्या सर्व्हिस रोडवर गेला आणि चालता चालता त्यानं खाली पाहिलं. उजव्या बुटाचं टोक ब्रेकवर टेकलेलं होतं. त्यानं पाय उचलला. रस्ता सपाट, पुढं कुत्रंसुद्धा नाही, तरी तळहाताला घाम फुटला. थोडं पुढं गेल्यावर पाय आपणहून परत ब्रेकवर आला.

त्यानं गाडी कडेला घेतली. पडल्यापासून आपण भीत भीत गाडी चालवतोय, हे त्याला तेव्हा कळलं. त्याची लाज वाटलीच. पण आपली भीती आपण दुसऱ्याच्या हातावर ढकलली, भर टपरीवर, नाव घेऊन, याची लाज इतकी वाटली की त्याला गाडीवरून उतरवेना.

बरेच दिवस तो फाटा टाळून आडवाटेनं जात राहिला. बूट मोठा आहे, ब्रेकचं पायडल उंच आहे, अशी कारणं रचून झाली. एकाही कारणावर त्याचा स्वतःचा विश्वास बसेना. मधल्या वारी गेला असता तर ऐकायला कोणी नव्हतं. तो रविवारी गेला, कारण बोलला होता रविवारी.

गॅरेजच्या पाटीवरची ब्रेकची ओळ रंग फासून झाकलेली होती. धम्मरत्न पंक्चर काढत बसला होता.

"माल चांगला होता," शेखर टपरीला ऐकू जाईल असा म्हणाला. "तुझं काम बी चांगलं होतं. मीच कायम ब्रेकवर पाय ठिवून चालवतो, त्यानंच ब्रेक तापून बसला. पडल्यापासनं भ्या वाटतं मला."

टपरीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. शेखरचे कान तापले. पण त्या हसण्याची तयारी तो घरून करून आला होता.

धम्मरत्ननं ट्यूब खाली ठेवली. "नक्की? पिना अडकत नव्हत्या?"

"न्हाई."

"कॅलिपर?"

"न्हाई रं. माझा पाय."

धम्मरत्न उठला, शेडमागं गेला आणि ताडपत्रीखालून एक स्कूटी ओढत बाहेर घेऊन आला. "मिनलची आहे," तो म्हणाला. मिनल म्हणजे त्याची बायको, कंपनीत पॅकिंगला जाते. "हिचे ब्रेक मीच बसवलेत. तुम्ही बोललात त्या दिवसापासून तिला दिली नाही. चालत जाते ती."

शेखर म्हणाला, "चुकलं माझं." धम्मरत्नचं लक्ष नव्हतं. तो स्कूटी पुढं ढकलून ब्रेक दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता.

"उद्या नेईल ती," तो म्हणाला. मग चाकापाशी उकिडवा बसला. "नको. आधी एकदा उघडून बघतो."