वर कुणी नाही

दंगलीच्या बातम्या येत होत्या, त्या आठवड्यात राजारामपुरीतल्या आमच्या दारात तो उभा राहिला. दंडावर नागरी संरक्षणाची पट्टी, हातात वही. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यानं विचारलं, "वर कोण ऱ्हातंय?"

वर आमच्या भाडेकरू खाला राहायच्या. म्हाताऱ्या, एकट्या. हा घरोघरी मुसलमान मोजत फिरतोय की काय? घाबरून मी म्हणालो, "कुणी नाही."

"बरं. चालाय येत न्हाय, ऐकू येत न्हाय, असं कोण हाय?"

मी गोंधळलो. "नावं नकोत?"

"नावं घिऊन काय करू, पावणं? आग लागली तर आधी कुणाला उचलायचं, तेवढं सांगा की."

आता खोटं कबूल करायचा मला धीर होईना. तेवढ्यात वर खालांची काठी वाजली. ठक, ठक. त्यानं छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पेन्सिल पुन्हा जिभेला लावली, वहीत एक ओळ लिहिली आणि तो शेजारच्या दाराकडं गेला.

मदत लागणाऱ्यांच्या त्या यादीत त्यानं खालांना घातलं की मला, हे मला अजून कळलेलं नाही.