बनुबाईच्या तोंडाची बाहुली

उंब्रजची मेहरुनबी बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. नवरा पीरमहंमद गाद्या भरायचा, त्यातला उरलासुरला कापूस बाहुल्यांच्या पोटात जायचा. चेहऱ्याला मात्र ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. कापडावर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ थापायची, वाळली की घासून गुळगुळीत करायची आणि मग बारीक कुंचल्यानं भिवया, पापण्या, ओठांजवळच्या सुरकुत्या काढायची. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका द्यायची. तो पडला की बाहुली बघायला लागायची.

अडचण एकच होती. मनानं चेहरा काढणं तिला जमत नसे. समोर खरं माणूस लागायचं. त्यामुळं तिच्या बाहुल्यांत अर्धं उंब्रज होतं आणि उंब्रजला त्याचा पत्ता नव्हता. कारण बाहुल्या जायच्या सांगलीला, सुलाबाईंकडं. सुलाबाई उंब्रजची माहेरवाशीण, सांगलीतल्या एका डॉक्टरांची बायको. त्यांना बाहुल्या जमवायचा नाद. दवाखान्यात पेशंट बसायचे तिथंच त्यांचं काचेचं कपाट होतं.

चौऱ्याहत्तर साली त्यांनी भाजीवालीची बाहुली मागितली. भाजीवाली म्हणजे ओरडणारं तोंड, ते शोधायला मेहरुनबीला लांब जावं लागलं नाही. शेजारची बनुबाई दिवसभर कुणावर तरी ओरडत असायची. मेहरुनबी कुंपणावरून बघत राहायची.

"काय बघतीस गं?"

"काय न्हाई मावशी, तुमच्या भिवया लय झ्याक हायत."

बनुबाई त्या दिवशी कुणावर ओरडली नाही.

पुढं दिवाळीनंतर बनुबाईचा गुडघा धरला आणि ती सांगलीला नेमकी त्याच दवाखान्यात गेली. बाकावर टेकली तर समोरचे पेशंट एकदा कपाटाकडं बघतायत, एकदा तिच्याकडं, आणि पदराआड हसतायत. बनुबाई उठली. काचेला नाक लावलं. आतून बनुबाईच बघत होती, हनुवटीवरच्या मसासकट.

संध्याकाळी एस्टीतून उतरली ती घरी न जाता थेट मेहरुनबीच्या दारात.

"मेहरुन! भाईर ये!"

आळी गोळा झाली. मेहरुनबी हातातल्या कुंचल्यासकट बाहेर आली. "मावशी, चुकलं. तुमास्नी न इचारता तुमचं त्वांड..."

"त्वांडाचं ऱ्हाऊ दे. त्वांड ब्येस हाय. टोपलीत काय ठिवलंयस?"

"द... दोडकी."

"दोडकी! आमचा दोन एकर ऊस हाय! बनुबाई दोडकी इकती व्हय?"

पीरमहंमद हसू दाबायला गादीमागं गेला.

तडजोड ठरली. दुसरी बाहुली करायची, नथवाली, पैठणीतली. बनुबाई दुसऱ्या दिवशी जरीचं लुगडं नेसून मेहरुनबीच्या अंगणात येऊन बसली. ओठ मिटलेले, मान ताठ, फोटोला बसावं तशी. मेहरुनबीनं दोनदा चेहरा रंगवला, दोनदा पुसला. रंग बरोबर, मस जागेवर, पण जीवच येईना.

तिनं नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं. पीरमहंमदनं दारात बांधलेली घरची शेळी हळूच सोडली. शेळी कुंपणातून शेजारी गेली आणि बनुबाईच्या वाळवणातल्या सांडग्यांत तिनं तोंड घातलं.

"आगं ए रांडं! मुडदा बशिवला तुजा!"

भिवया वर चढल्या, नाकपुड्या फुलल्या. मेहरुनबीचा कुंचला सुटला तो थांबलाच नाही. बनुबाई शेळीमागं धावून, धापा टाकत परत येईस्तोवर बुबुळात ठिपका पडला होता.

बनुबाईनं बाहुली हातात घेतली. उलटसुलट करून बघितली.

"एवढी पैठणी नेसून ही कुणावर वरडतीया?"

"शेरडावर, मावशी."

बनुबाईला हसू आवरेना. लुगड्याचा पदर तोंडाला लावून ती खाली बसली आणि गुडघा विसरून हसत राहिली. ही बाहुली काही तिनं सांगलीला जाऊ दिली नाही. घरात रेडिओशेजारी फळीवर मांडली.

तिच्या दोन्ही सुनांना मात्र पंचाईत झाली. सासू शेतावर गेली की आधी बाहुलीचं तोंड भिंतीकडं फिरवायच्या, आणि मग निवांत चहा टाकायच्या.