तिळगूळ घ्या, पिन दाखवा

आमच्या हैदराबादेत आजवर जेवढी माणसं जत्रेतल्या पाळण्यात बसून हातीपायी धड घरी परतली, त्यातली निम्मी देवाच्या कृपेने परतली आणि उरलेली निम्मी माझ्या दाजींमुळे, असं माझं ठाम मत आहे. देवाच्या निम्म्यातही दाजींचा थोडा हात असावा असा मला संशय आहे. पण ताई म्हणते, देवाशी वाटणी घालू नये.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीत लिफ्ट तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी आणलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटले. पण नोकरी सुटली, तपासणी काही सुटली नाही. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट त्यांनी कान देऊन ऐकल्याशिवाय घरातलं कुणी खाली उतरत नाही. दूधवाल्याला वाटतं, हे लिफ्टची पूजा करतात. एकदा एका शादीखान्यात आमच्या भाच्याचं लग्न होतं. मुहूर्त तोंडावर आलेला, आणि दाजी लिफ्टच्या दारात हात आडवा घालून उभे. "पाटीवर आठ लिहिलंय. तुम्ही नऊ आहात." भटजी म्हणाले, "साहेब, घटिका भरत आली!" दाजी म्हणाले, "घटिका भरू दे, लिफ्ट नको भरायला. सगळ्यांत वजनदार कोण?" सगळ्यांत वजनदार नेमका नवरदेव निघाला. तो चार मजले चढून बोहल्यावर आला. अंतरपाटाच्या फोटोत तो असा धापा टाकतोय, की संसार म्हणजे काय हे त्याला आधीच कळलं असावं.

दाजींकडे एक छत्री आहे. लांब दांड्याची, लाकडी मुठीची, आणि पावसाशी काडीचा संबंध नसलेली. पावसात ते रेनकोट घालतात. छत्री यंत्रं ऐकायला असते. टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग कसं फिरतंय, कुठे घासतंय, कुठे कण्हतंय, सगळं दांड्यातून कानात येतं म्हणे. डॉक्टर लोक छातीला नळी लावतात तसंच हे, फक्त डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात आणि दाजी पिन.

ही पिन म्हणजे पाळण्याची बैठक जिथे टांगलेली असते तिथली खिळी. मोठा झुला म्हणजे लोकांना वाटतं चाक, दिवे, गाणी. दाजींच्या मते झुला म्हणजे पिन. बाकीचं सगळं तिच्या भरवशावर नाचत असतं. आता अशी पिन एका परक्या, निवृत्त, छत्रीवाल्या म्हाताऱ्याला कोण दाखवेल? तर इथे दाजींची खरी अक्कल दिसते. अंबरपेठच्या मैदानावर दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला जत्रा भरते. दाजी ताईकडून काटेरी हलवा करवून घेतात, स्टीलच्या डब्यात भरतात आणि झुल्याभोवती लावलेल्या साखळीच्या सरळ आत शिरतात. "भाई, हमारा त्योहार है. मुँह मीठा करो." सणाला गोड घेऊन आलेल्या माणसाला साखळीबाहेर काढणारा हैदराबादी अजून जन्मायचा आहे. झुलेवाल्यांचे हात ग्रीसने काळे, म्हणून डब्यात एक लांब चमचा असतो. दाजी चमच्याने हलवा तळहातावर ठेवतात, तो तोंडात जाईपर्यंत थांबतात आणि मग म्हणतात, "हां, अब पिन दिखाओ." तोंडात तीळ असताना माणसाला नाही म्हणता येत नाही.

मी या मोहिमेत पिशवी धरायला असतो. पिशवी आणि नाक. नाकाचं असं झालं, की काही वर्षांपूर्वी 'ब्रेक डान्स' नावाच्या गरगरत्या खुर्चीत बसून मला स्वतःचा व्हिडिओ काढायची हौस आली. दाजी खालून ओरडत होते, "दोन्ही हातांनी दांडी धर रे!" मी एका हाताने दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने कीर्ती. पहिल्याच झटक्यात माझं नाक माझ्याच गुडघ्यावर आदळलं. व्हिडिओ उत्तम आला. कोठी भागातल्या डॉक्टरांनी नाक सरळ केलं. ते आधी तरी सरळ होतं का, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. तेव्हापासून दाजी मला झुलेवाल्यांसमोर नमुना म्हणून उभा करतात. "ये नाक देखो. मशीन की ग़लती नै, इनकी." झुलेवाले वाकून, वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. एकाने तर मला उजेडात यायला सांगितलं होतं.

पण नुसत्या हलव्यावर कुणी वर्षानुवर्षं साखळी उघडत नाही. पहिल्या वर्षी उंच झुल्याचे मालक बब्बूभाई दाजींना हसलेच होते. दाजींनी छत्री लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कुठल्या तरी पाळण्यात एक पिन बोलतेय." झुला थांबवून बब्बूभाईंनी एकेक पिन चाचपली. एक त्यांच्या नुसत्या चिमटीत बाहेर आली. अर्धी झिजलेली. बब्बूभाईंनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "साब, मेरी पोती सुबह इसमें बैठी थी." त्यानंतर दरवर्षी दाजी मैदानात शिरले की ते लांबूनच साखळी काढून ठेवायचे. "छतरी वाले साब आ गए, झूला खाली करो रे!" आणि माझा ऊर असा भरून यायचा, की जणू दाजींना हलवा मीच दिलाय.

यंदा बब्बूभाई नव्हते. गुडघे गेले, घरीच असतात. साखळीपाशी त्यांचा मुलगा सलीम उभा होता. गॉगल, कानात ते बिनवायरचं काहीतरी. दाजींबरोबर मी, ताई आणि त्यांची नात, वय वर्षं नऊ. नातीला उंच झुल्यात बसायचं होतं, आणि आमच्या घरचा नियम असा, की दाजी 'हूं' म्हणेपर्यंत कुणीही बसायचं नाही. "आजोबा, प्लीज लवकर ऐका ना, लाइन किती वाढतेय बघा!" ती म्हणत होती.

दाजींनी डबा पुढे केला. सलीम म्हणाला, "चाचा, अब्बा की बात अलग थी. अब अपने पास सर्टिफिकेट है."

"किस दिन का?"

"नवंबर का."

"और झूला?"

"झूला तो आज चल रा."

"बस, वही आज का देखना है," दाजी म्हणाले, डबा माझ्या पिशवीत टाकला आणि साखळीखालून आत गेले. सलीमने माझ्याकडे बघितलं. मी नाक दाखवलं. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

दाजींनी छत्री खांबाला टेकवली, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. झुला फिरत होता. ते ऐकत राहिले. नेहमीपेक्षा फार वेळ. मूठ डाव्या कानाला लावली, मग उजव्या. मग डोळे उघडून त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "जरा तू ऐक. आज गर्दीचा कलकलाट फार आहे."

गर्दी नेहमीइतकीच होती. गेले वर्षभर दाजी फोनवर 'हो हो' म्हणतात आणि मग ताईला विचारतात, काय म्हणत होता. कानातलं यंत्र आणलंय, ते कपाटात असतं. जत्रेत लावलं तर प्रलय ऐकू येतो म्हणतात. हे सगळं माहीत असूनही त्या क्षणापर्यंत मला ते कळलं नव्हतं. ताईने नातीचा हात घट्ट धरलेला मी पाहिला, आणि मूठ कानाला लावली.

"डोळे लाल पाळण्यावर ठेव," दाजी म्हणाले. "आवाज आला तर तो कुठे असतो ते बघ."

मी ऐकू लागलो. आत एक घरघर होती, समजूतदार, मांजरासारखी. आणि मग, लाल पाळणा खाली आला की, टक्. पुन्हा एक फेरा. टक्.  नातीचं बोट त्याच लाल पाळण्याकडे होतं.

"दाजी, टक् येतंय. पण भास असेल माझा."

"भास असला तरी थांबवायचं. भास तपासता येतो. सलीम, रोको झूला!"

सलीमने गॉगल काढला. रांग बाहेर रस्त्याला लागली होती. "चाचा, तुम्हारी इज्जत करता मैं. रोकता हूँ. मगर कुछ नै निकला, तो अगले साल से ये छतरी ज़ंजीर के अंदर नै आएगी."

"मंज़ूर," दाजी म्हणाले. एका क्षणात. माझ्या कानाच्या भरवशावर! ज्या माणसाला लिफ्टमध्ये स्वतःच्या मजल्याचं बटण सापडत नाही, त्याच्या कानाच्या भरवशावर त्यांनी आपली छत्री पणाला लावली.

झुला थांबला. माणसं उतरवली. रांगेतून आरडाओरड सुरू झाली. "एमैंदी? काय झालं?" "कैकू रोके मियाँ?" "बुड्ढे को घर में काम नै क्या!" दाजींना यातलं काही ऐकू आलं नाही, तेवढा एक फायदा झाला. सलीमच्या माणसांनी एकेक पाळणा खाली आणला आणि दाजींनी स्वतःच्या बोटांनी एकेक पिन चाचपली, साखळ्या ओढल्या, दांड्यात कुठे पतंगाचा मांजा अडकलाय का ते पाहिलं. लाल पाळणा तर दोनदा. काहीही नव्हतं. सगळं चोख. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. मी दाजींकडे जायला वळलो.

टक्.

झुला उभा होता. मी पुन्हा हललो. टक्. सलीम माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होता. पिशवीत डबा होता. डब्यात चमचा होता. लाल पाळण्यामागे डोळे फिरवताना मी प्रत्येक फेऱ्याला मागे रेलत होतो आणि पुढे वाकत होतो, आणि माझ्याबरोबर चमचा.

रांगेत असं हसू उसळलं, की झुला बंद असूनही लोकांचे पैसे वसूल झाले असावेत. ताईने कपाळावर हात मारला. "लहानपणापासून हा असाच आहे हो!" तिने सलीमला मराठीतच सांगितलं.

मी दाजींजवळ गेलो आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, आता नाकाचा उद्धार होणार. दाजींनी ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली, माझ्या लग्नातसुद्धा मारली नव्हती अशी.

"थांबवलंस ना? आवाज ऐकणारे पुष्कळ असतात रे. थांबवायची लाज वाटते लोकांना, तिथे हातपाय मोडतात. तू चमच्यासाठी थांबवलास. शाबास!"

हे ते सलीमपुढे, अख्ख्या रांगेपुढे म्हणाले. माझ्या आयुष्यातली ही एकमेव शाबासकी, आणि ती चमच्याची.

मग त्यांनी माझ्याकडची छत्री काखेत घेतली आणि साखळीबाहेर आले. शब्द म्हणजे शब्द. सलीमने झुला पुन्हा सुरू करायची खूण केली आणि रांगेकडे बघितलं. रांग हलली नाही. सगळ्यांत पुढे बुरख्यातली एक बाई होती, दोन लेकरं धरलेली. तिने सलीमकडे पाहिलंच नाही. ती दाजींना म्हणाली, "चाचा, अब बैठना क्या बच्चों को लेके?"

दाजींना ऐकू आलं नाही. ते आपले छत्रीचं बक्कल लावत होते. सलीमच्या ते ध्यानात आलं. "इनको सुनाई नै देता क्या?" त्याने मला हळूच विचारलं.

"आज कलकलाट फार है," मी म्हणालो, आणि बाईचा प्रश्न दाजींच्या कानात सांगितला.

दाजी तिच्याकडे वळले. "बैठो बेटी. बच्चे बीच में, हाथ अंदर. सब अच्छा है, मैं देखा." बाई चढली. तिच्या मागच्या तेलुगू आजोबांनी दाजींकडे बघून मान उडवली, दाजींनी मान हलवली, ते चढले. मग प्रत्येक जण तसंच करू लागला. मघाशी 'बुड्ढे को काम नै क्या' म्हणणारा तरणाही दाजींच्या मानेकडे बघूनच आत गेला. सलीम हे सगळं बघत होता. पाळणे भरले तसा तो साखळीपाशी आला, साखळी काढली आणि ग्रीसने माखलेला तळहात पुढे केला.

"चाचा, वो तिल."

दाजींनी पिशवीतून डबा काढून चमच्याने हलवा वाढला. तोंडात जाईपर्यंत थांबले. "अगले साल?" त्यांनी विचारलं. सलीमचं तोंड भरलेलं होतं.

त्यानंतरच्या खेपेला, सगळ्यांसारखीच दाजींची मान बघून, नात लाल पाळण्यात बसली; 'हूं' मात्र अजून यायचं होतं. दाजी खांबाला तळहात लावून उभे होते. चाक वर गेलं. संध्याकाळच्या आकाशात पतंग होते आणि त्यांच्या खालून ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"ओरडतेय का रे?" दाजींनी विचारलं.

"हो. 'आजोबा, आजोबा' करतेय."

"ते नको सांगू. झुला काय म्हणतोय, ते सांग."

मी पिशवी जमिनीवर ठेवली. छत्री घेतली, टोक खांबाला लावलं, मूठ कानाला. आत नुसती ती मांजरासारखी घरघर होती.

"काही म्हणत नाही, दाजी."

"मग हूं," ते म्हणाले. छत्री माझ्याकडून परत घेतली, आणि लाल पाळणा अगदी वर पोचला तशी ती उंच धरून हलवली. वरून नात पुन्हा ओरडली. ते त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण एक हात खांबावर तसाच ठेवून ते असे हसले, की मी काही सांगायला गेलो नाही.