हैदराबादची रेणू

जालन्याच्या स्टेशनावर मला पोचवायला घरातली इतकी माणसं आली होती की तिकीट तपासनीसाने अण्णांना विचारलं, वऱ्हाड कोणत्या डब्यात चढणार आहे? हसनाबादहून जीप करून अण्णा, आई आणि दोन चुलते आले होते. अंबडहून माझी थोरली बहीण अक्का, दाजी आणि त्यांची छोटी रेणू आली होती. जाणारी मात्र मी एकटीच. हैदराबादच्या विद्यापीठात जीवशास्त्रात पीएच.डी. करायला निघाले होते. चुलत्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की संगी डॉक्टर व्हायला चालली. मी एकदोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला.

आई माझ्या पिशवीत जवसाची चटणी आणि धपाटे कोंबत होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "खाण्याचे हाल करू नको." गाडी येताना दिसली तेव्हा अण्णा म्हणाले, "आपल्या घरातलं कोणी एवढ्या मोठ्या ठिकाणी आत गेलं न्हाई आजवर. तू जाऊन राह्यली." त्या धांदलीत रेणू फलाटावर धावली आणि पडली. मग मांड्यांवर हात रोवून, एकेक हात वर सरकवत उभी राहिली. ती नेहमी तशीच उठायची. "म्हातारीगत उठती बघा," असं म्हणून आमची आत्या घरी तिला चिडवायची. आम्हीही हसलो, रेणूही हसली, आणि गाडी सुटली.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना वाटतं की बाहेर पडणारा माणूस दुसऱ्याच जगात जातो. मला तसं काही झालं नाही. हैदराबादेत भाजीवाला "जल्दी बोलो" म्हणाला की अंबडच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. 'बराबर', 'बिलकुल', 'खर्चा' हे शब्द पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना गंमतीचे वाटायचे, मला ते आमच्या आजोबांच्या तोंडचे वाटायचे. ज्वारीची भाकरीही मिळायची. परकी वाटली ती फक्त लॅब. तिथे सकाळी आल्यावर पायातल्या चपला बदलायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग काचेआड हात घालून बोलणंसुद्धा बंद. आम्ही पेशी वाढवायचो. माणसाच्या शरीरातून काढलेल्या जिवंत पेशी, प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्यात. त्यांना अंगाइतकीच ऊब लागते, एक दिवसाआड ताजं खाणं लागतं. त्यामुळे रविवार असो की दसरा, कोणीतरी जाऊन पेशींना खायला घालून यावंच लागतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गोठ्यासारखंच झालं की." मला इतकं सोपं करून तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

आमच्या मॅडमचं काम स्नायूंच्या आजारांवर होतं. लॅबमधल्या एका जाड पुस्तकात एक रेखाचित्र होतं, मांड्यांवर हात रोवून उठणाऱ्या मुलाचं. मी पान उलटलं आणि तिथेच थांबले. खाली लिहिलं होतं की कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू कमजोर व्हायला लागले की मूल असं उठतं. मी त्याच दुपारी अक्काला फोन केला. तोवर रेणू शाळेचा जिना कठड्याला धरून चढत होती आणि बाई तिला आळशी म्हणत होत्या.

हैदराबादच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. आजाराचं नाव लांबलचक आहे, सांगून काही उपयोग नाही. स्नायूंच्या पेशीला कडेने धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते रेणूच्या शरीरात तयार होत नाही. ते तयार करायचा जो जनुक, त्याची आईकडून आलेली प्रत बिघडलेली आणि बापाकडून आलेलीही तशीच बिघडलेली. एकच प्रत बिघडलेली असती तर काही झालं नसतं.

आता अक्का दिली आत्याच्याच घरी. अण्णांची सख्खी बहीण तिची सासू. आपल्याकडे अशी सोयरीक म्हणजे भाग्य समजतात. लग्न ठरलं तेव्हा अण्णा बैठकीत मोठ्याने म्हणाले होते, "घरची लेक घरातच राह्यली, आता मला घोर न्हाई." आणि खरोखर, अक्काला सासरी कोणी कधी अरे की कारे केलं नाही. आजोबांकडून की आजीकडून ते माहीत नाही, पण ती एक बिघडलेली प्रत अण्णांकडे आली आणि आत्याकडेही आली, तिथून अक्काकडे आणि दाजींकडे, आणि रेणूत दोन्ही भेटल्या. हे मी घरी कोणालाच इतकं सरळ सांगितलं नाही. पण अण्णांनी एकदा ओसरीवर मला विचारलं, "संगे, हे आपल्याच रक्तातून आलं का गं?" मी म्हणाले, प्रत्येकाच्याच रक्तात असं काही ना काही असतं, अण्णा. त्यांनी मान हलवली आणि पाय घासत गोठ्याकडे निघून गेले. त्यांचा विश्वास बसला नाही हे मला पाठीवरून कळलं.

मॅडमना रेणूच्या त्वचेचा एक छोटासा तुकडा अभ्यासाला हवा होता. त्वचेच्या पेशींपासून लॅबमध्ये स्नायूंच्या पेशी बनवता येतात. मी नात्यातली, म्हणून मला त्या खोलीत थांबायची परवानगी नव्हती. डॉक्टरांनी अक्काला आणि दाजींना संमतीचा कागद समजावून सांगितला. यातून तुमच्या मुलीला थेट फायदा होणार नाही, हे त्यांनी हिंदीत सांगितलं, तिथल्या नर्सने मराठीतही सांगितलं. दोघांनी माना डोलावून सह्या केल्या.

बाहेर आल्यावर दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिहावं तर तसंच लागतं. आमच्याकडं बी लिहितात." दाजी अंबडच्या कोर्टात कारकून आहेत. त्यांचं सगळं आयुष्य कागदांत गेलं आणि त्यातून त्यांना एकच गोष्ट पक्की कळली आहे की कागदावर काहीही असो, काम होतं ते आत आपलं माणूस असलं तर. "आता आपलं माणूस आत हाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा भरवशाने पाहिलं की मला आधी हसूच आलं. मी म्हणाले, दाजी, इथं तसं नसतं हो. ते म्हणाले, "समजलं. तू बोलू नको, बिलकुल. तुझ्या शिक्षणाचं बघ." म्हणजे मी नाही म्हटलं की त्यांना ते हो वाटायचं.

त्यानंतर अक्काचा दर फोन एकाच प्रश्नाने सुरू व्हायला लागला. "तुझ्याकडची कशी हाय?"

तुझ्याकडची म्हणजे बाटलीतली. अक्काच्या हिशेबात तिच्या दोन रेणू झाल्या होत्या. एक अंबडला घरी आणि एक मावशीकडे हैदराबादला. मावशीकडची बरी झाली की इकडची बरी होणार. "खाती का नीट?" "खाते गं." "वाढून राह्यली ना?" "हो, दोन बाटल्या भरल्या." हे मी आधी थट्टेने म्हणायचे. नंतर थट्टा कुठे गेली कळलं नाही. नवरात्रात अंबडची रेणू देवीच्या पायऱ्यांपाशीच बसून राहिली, वर चढता आलं नाही, आणि अक्काने प्रसादाची पुडी माझ्याकडे पाठवली. मी ती काचेच्या खोलीत नेली नाही, नेता येतच नाही. पण दाराबाहेर त्यातला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकून मी थोडा वेळ उभी राहिले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मल्याळी मुलीने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, घरचं.

पीएच.डी. संपली, मी त्याच लॅबमध्ये नोकरीला राहिले, बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी आमच्या बाटलीतल्या पेशींत तो जनुक दुरुस्त झाला. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड चमकत होती, म्हणजे जे प्रथिन रेणूच्या शरीरात कधीच बनलं नव्हतं ते तिच्याच पेशींत बनत होतं. मी तिथे रडले. मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता हे उंदरात दिसायला हवं. उंदरांनंतर माणसं येतात. कधी येतात आणि कोणापर्यंत पोचतात, ते मॅडमही सांगू शकत नाहीत.

मी घरी काही बोलले नाही. पण विद्यापीठाने बातमी दिली, ती फिरत फिरत जालन्यात पोचली आणि एका वार्ताहराने तिचं 'जालन्याच्या लेकीने शोधलं लुळेपणावर औषध' करून टाकलं. हसनाबादच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. फोटोत मी, वर भूमिकन्या, खाली दोन्ही चुलते हात जोडून. मला गुडघेदुखीसाठी फोन आले, लकव्यासाठी आले, एकाने बैलाच्या पायासाठीसुद्धा विचारलं. मी सगळ्यांना नाही म्हणत होते आणि सगळे मला विनयशील म्हणत होते.

सुट्टी काढून अंबडला गेले तेव्हा अक्काने मला दारातच मिठी मारली. रेणू पलंगावर उशीला टेकून बसली होती. आता ती कॉलेजच्या वयाची, केस सुंदर, जीभ तिखट. मला म्हणाली, "मावशी, फ्लेक्सवर तू गोरी कशी काय झाली?" पण एवढं बोलताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी झोपताना लावायचं श्वासाचं मशीन लिहून दिलं होतं. त्याला बरेच दिवस झाले होते. मशीन आणलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात अक्काला विचारलं, का नाही आणलं? ती भाकरी थापत होती. "एकदा ते लागलं की सुटत न्हाई म्हणत्यात. औषध येऊन राह्यलं, मंग कशाला तिच्या नाकाला ते बांधायचं? तुझ्याकडचीला तर गुण आला ना? पेपरात आलं की."

खरं सांगितलं तर तिचा इतक्या वर्षांचा आधार जाणार होता, नाही सांगितलं तर पोरीचा श्वास. असा हिशेब कोणावर येऊ नये. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. अक्का, ते औषध नाही. बाटलीतल्या पेशी बऱ्या झाल्या, पोरगी बरी करता येत नाही अजून. कदाचित कोणाच्या तरी लेकराला मिळेल, पुढे कधीतरी. आपल्या रेणूच्या वेळेत नाही. मी आत आहे, पण आत कोणाचंच चालत नाही गं. मशीन आण. आजच आण.

भाकरी तव्यावर करपली. अक्काने ती काढली नाही. मग तिने विचारलं, "ती तिथली तरी राहील ना जिती?" मी म्हणाले, राहील. ती म्हणाली, "मंग तिला तरी मरू देऊ नको." आणि पदर तोंडात कोंबून अशी रडली की आत्या काठी टेकत आत आली आणि काहीही न विचारता तिच्याजवळ बसली.

मशीन दुसऱ्या दिवशी आलं. मास्क बसवताना रेणू माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मला माहीत होतं, मावशी. मोबाईल हाय माझ्याकडं, वाचता येतं मला. आईला सांगायचं बळ नव्हतं." मग हसली. तिला धीर द्यायला आलेली मी, तिने मलाच दिला. मला स्वतःची इतकी चीड आली की मी मास्कचे पट्टे उगाच पुन्हा पुन्हा बसवत राहिले.

अक्का आता फोनवर तो प्रश्न विचारत नाही. मी मात्र रोज उत्तर तयार ठेवून असते. बऱ्या आहेत, खातात, वाढतात. कोणी विचारत नाही म्हणून ते माझ्याजवळच पडून राहतं. तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला कदाचित कळेल. आपण काहीतरी घेऊन परत यायचं म्हणून निघालेलो असतो. घरच्यांनीही त्यासाठीच सोडलेलं असतं. आणि मग एक दिवस त्यांना आणि आपल्यालाही कळतं की हात रिकामेच आहेत, आणि तरी ते ताट वाढतात.

मी आता सुट्टी मिळाली की अंबडला जाते. लॅबमध्ये पेशींना माझ्या वाट्याचं खाणं मल्याळी मैत्रीण घालते. दाजींचं कंबरडं धरलंय, आत्या थकली, अक्काला एकटीला जमत नाही. रेणूला सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि दुपारी खुर्चीतून पलंगावर ठेवायला माणूस लागतं, आणि तेवढं मला येतं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि तिने माझ्या गळ्याला धरायचं. घर म्हणजे काय असं आता कोणी विचारलं तर मला पलंगापासून खुर्चीपर्यंतची ती जागा आठवते, दुसरं काही आठवत नाही. ती कानाशी म्हणते, "मावशी, जड झाले का गं?" मी म्हणते, हो, फार. खरं तर दर खेपेला ती आधीपेक्षा हलकी लागते.