पात्याचे दुबळे टोक

सुमनताई गेल्याचे तिची विद्यार्थिनी मीनल हिने फोनवर कळवले, तेव्हा मी घोटीच्या बाजारात तांदळाचा नमुना तळहातावर घेऊन उभा होतो. “मामा... मॅडम गेल्या,” एवढेच ती बोलू शकली. त्याला आता महिना उलटून गेला. ताई माझी थोरली बहीण. नाशिकच्या एका शाळेत तिने आयुष्यभर इंग्रजी शिकवले. आणि मुलींच्या तलवारबाजीला शिक्षक मिळेना, म्हणून चाळिशीत स्वतःच तलवार धरायला शिकली.

निवृत्तीनंतर मज्जातंतूंच्या विकाराने तिच्या पायांतली शक्ती गेली. मी भेटायला जाई आणि चाकांच्या खुर्चीतल्या तिला पाहून माझे डोळे भरून येत. माझ्या त्या हळवेपणात प्रेम किती होते आणि कीव किती, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. अशाच एका दुपारी तिने शब्दकोश मांडीवर ओढला आणि मला एक शब्द दाखवला... फॉइबल. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ स्वभावातली छोटीशी, माफ करण्याजोगी उणीव. तलवारबाजांसाठी मात्र तो पात्याचा टोकाकडचा अर्धा भाग. मुठीजवळचा अर्धा बळकट. हा दुबळा, जरा दाब पडताच बाजूला सरणारा. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्याही मागे उभी असलेली लॅटिन म्हणते, ‘रडण्याजोगा’.

“म्हणजे विनू, तुझ्यासारख्या रडव्यांनीच हा शब्द घडवला असणार,” ती हसली. “पण गुण कोण मिळवतं रे? टोकच ना? मुठीने आजवर कोणाला शिवलंय?”

मग हळूच तिने सांगितले, की खुर्चीवरून खेळायच्या तलवारबाजीच्या स्पर्धेत तिने नाव दिले आहे. मी नाव मागे घेण्यासाठी विनवण्या केल्या. “पडलीस तर, ताई?”

“खुर्ची चौकटीत पक्की बसवतात. पडायचं म्हटलं तरी सोय नाही.” मग तिचा आवाज खाली आला. “विनू, सगळे मला सांभाळून घेतात. जाण्याआधी एकदा खरोखर हरायचं आहे मला... नाहीतर खरोखर जिंकायचं.”

समोर आली सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारी कविता, ताईच्या निम्म्या वयाची, भरदार खांद्यांची. दोघींच्या खुर्च्या चौकटीत आवळल्या गेल्या. कविताच्या प्रत्येक प्रहाराने ताईचे पाते बाजूला फेकले जाई आणि मी मान खाली घाली. तरी गुण चढत गेले ते दोघींचेही, आणि पाच गुणांच्या त्या सामन्यात चार-चार अशी बरोबरी झाली. शेवटच्या गुणाला कविताने सारा जोर पात्यावर टाकला. ताईने विरोध केलाच नाही. तिने नुसते मनगट वळवले; तिच्या पात्याचे टोक त्या जोराखालून निसटून पलीकडे वर आले आणि कविताच्या मनगटावर टेकले. गुणाचा दिवा लागला तो ताईच्या बाजूचा!

कविताने मुखवटा काढला. “मॅडम, लय जोर लावला मी, पण तुमची तलवार सापडंचना!”

“अगं, ती तुझ्या जोरावरच तर आली,” ताई म्हणाली, आणि दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या. त्या दिवशीही मी रडलो; पण त्या रडण्यात कीव नव्हती. ताईच्या ते ध्यानात आले असावे, कारण पहिल्यांदाच तिने मला हटकले नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी रंगारी आला होता. तिच्या खोलीच्या दाराची आतली बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली... खुर्चीत बसून सराव करताना टोकाच्या रबराने उमटलेले ते ठिपके. काही फार वर, काही चौकटीवर, भरकटलेले. आणि मधोमध इतके दाट, की बंद्या रुपयाखाली सगळे झाकावेत. “साहेब, हे घासून काढू ना?” त्याने विचारले. मी म्हणालो, “भिंती रंगवा. दाराला हात लावू नका. ते ताईने जिंकलेलं आहे.”